तिसरी लाखोली

“वैनी, खाली उतरा,” भिवाजी तिसऱ्यांदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदाही सगुणाबाईनं मान वळवली नाही.

गोठ्याला लागून असलेल्या छपरात ती जुनी डॉज मोटार उभी होती, आणि तिचा नवरा जवळजवळ वीस वर्षं ज्या जागेवर बसला त्या जागेवर, स्टेअरिंगच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून, सगुणाबाई बसली होती. बाईमाणूस त्या जागेवर बसलेलं कासार आंबोलीनं आजवर पाहिलं नव्हतं. कुंपणाशी चार माणसं जमली होती. फुकटचा तमाशा बघायला आंबोलीकरांना कधी आवतण लागत नाही. पण तिला कशाचंच भान नव्हतं... तिची नजर समोरच्या मीटरच्या काचेमागं मैल मोजणाऱ्या आकड्यांच्या पाच घरांवर खिळली होती. चार नऊ, आणि शेवटी एक सहा! आणखी चार मैल... अवघे चार मैल गेले की ती पाचही घरं एकदम शून्यं होणार होती. आणि आज दुपारपर्यंत पुण्याचा भंगारवाला ट्रक घेऊन ही मोटार उचलायला येणार होता.

भिवाजी, तिचा धाकटा दीर, तसा वाईट माणूस नव्हता. बायकोच्या शब्दाबाहेर जायची त्याला सवय नव्हती, इतकंच. त्याची बायको रत्नाबाई हात पुसत बाहेर आली आणि छपराच्या खांबाला टेकून उभी राहिली. मेलेलं जनावर कुणी दारात ठेवतं का, हे ती गेले दोन महिने घरादाराला विचारत होती. थोरल्या भावजींची, सगुणाबाईच्या नवऱ्याची, गेलेली वाचा ह्या मेलेल्या मोटारीनंच धरून ठेवलीय, ती दारातून गेली की त्यांचं तोंड सुटेल, असं तिला देवऋष्यानं सांगितलं होतं आणि तिनं ते मनोमन मानलं होतं.

“बसू द्या त्यांना,” रत्नाबाई म्हणाली. “लाख मैल देवाला वाहिलं तवा कूस उजवली न्हाई. आता चार मैलांत काय पदरात पडनार हाय?”

सगुणाबाईच्या काळजावरून सुरी फिरली. हे बोलणं तिनं अकरा वर्षांत सणावाराला, भांडणात, कधी कधी नुसतं सहज म्हणूनही ऐकलं होतं, तरी दर वेळी ते नव्यानं लागायचं. त्याला उत्तर होतं... ते उत्तर तिच्या ओठांशी येऊन परत जायचं. तिनं ते अकरा वर्षं दातांखाली धरून ठेवलं होतं.

ही लाखोलीची गोष्ट सुरू केली ती सासूबाईंनी. धोंडाबाई मोठी देवभोळी, आणि त्याहून मोठी हट्टी. मुळशीच्या धरणावरचा एक साहेब स्वराज्याच्या साली विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्याकडे ड्रायव्हर असलेल्या बहिरूनं, सगुणाबाईच्या नवऱ्यानं, ही मोटार त्याच्याकडून घेतली. साहेबाच्याच काळात मीटर एकदा पुरं फिरून नुकतंच पुन्हा शून्यावर आलं होतं. बहिरू पौड ते पुणे उतारू नेऊ लागला, आणि त्याच महिन्यात भिवाजी विषमज्वरानं अंथरुणाला खिळला. धोंडाबाईनं जन्मात दोनदा भैरवनाथाला लाख बेल वाहिले होते, एकेक पान निवडून, पुसून. आता तिचे गुडघे उठू देत नव्हते. तिनं मोटारीच्या पुढ्यात नारळ ठेवला आणि म्हणाली, “लोकं लाख बेल वाहत्यात, लाख वाती वाहत्यात. माजा बहिरू लाख मैल वाहील.”

गाव पोट धरून हसलं. पण आठवड्यात भिवाजी उठून बसला, त्यानं भाकरी मागितली, आणि गावाचं हसू जागच्या जागी जिरलं. तेव्हापासून तो घराचा नेमच झाला. शून्यापासून शून्यापर्यंत एक लाखोली. सुरुवातीला कुणाच्या तरी नावानं संकल्प सोडायचा, आणि पुरी होईल तिथं, घाटात असो की पुलावर, गाडी उभी करून नारळ फोडायचा, मग उतारू कितीही कुरकुरोत. त्यासाठी सीटखाली एक नारळ कायम असायचा. आणि एक गोष्ट म्हातारीनं दोन्ही सुनांना समोर बसवून बजावली होती. “पुरी हुईस्तवर लाखोली आपली. पुरी झाली की देवाची. नाव बदलायचं आसंल तर शून्य लागायच्या आदी बदला. मागनं देव ऐकत न्हाई.”

पहिली भिवाजीच्या नावानं पुरी झाली. दुसरी सगुणाबाईची होती.

तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलला नव्हता. त्या लाखोलीचा नारळ धोंडाबाईनं स्वतः ठेवला, आणि ती पुरी व्हायच्या आधीच म्हातारी गेली. मागं सगुणाबाईनं ते लाख मैल डोळ्यांत तेल घालून जपले. तिला अक्षरओळख नव्हती, पण ते आकडे ती ओळखायला शिकली. दर शुक्रवारी मोटार धुऊन झाली की ती त्या काचेवर हळदीकुंकवाचं बोट लावायची. गाव म्हणायचं, बहिरूनं मोटारीच्या रूपानं सवत आणली. पण ह्या सवतीच्या पोटातून आपलं लेकरू येणार आहे, असं तिच्या भाबड्या अंतःकरणानं घेतलं होतं... आणि ती सवतीला जिवापाड जपत होती.

आणि नेमकी तेव्हा, त्या लाखोलीचे शेवटचे मैल उरले असताना, रत्नाबाई बाळंत झाली.

तिची आधीची दोन मुलं पाळण्यापर्यंत पोचलीच नव्हती. हे तिसरं पाच दिवसांचं झालं आणि पाचव्या दिवशी सकाळी त्यानं अंगावर पिणं सोडलं. ओठ निळे पडले. भिवाजी भाताच्या गाड्या घेऊन परगावी गेलेला. बहिरूनं तापानं बेशुद्ध झालेल्या रत्नाला मागच्या सीटवर निजवलं, पोर सगुणाबाईच्या मांडीवर दिलं आणि गाडी पुण्याच्या दवाखान्याकडे सोडली. पिरंगुटच्या घाटाची चढण लागली तेव्हा त्याची नजर मीटरकडे गेली. पाचही घरांत नऊ होते, आणि शेवटचा नऊ हळूहळू वर सरकत होता.

“सगुणे,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “तुजी लाखोली आली बघ.”

तिनं पाहिलं... आणि मग मांडीवर पाहिलं. ते इवलं अंग गार पडत चाललं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते लेकरू अजून कुठंच नव्हतं. आणि हे तर आलेलं होतं, त्याची मूठ तिच्या बोटाभोवती होती आणि ती मूठ सैल होत होती. देवा, असा कसा रे तू अडवून विचारतोस! तिला विचार करायलाही वेळ नव्हता. तो नऊ निम्मा वर गेला होता.

“ही लाखोली ह्या पोराच्या नावानं,” ती म्हणाली.

बहिरूनं ब्रेक मारला. शून्यं लागली होती. तो खाली उतरला, त्यानं घाटातल्या दगडावर नारळ आपटला, आणि त्या आवाजानं दचकून पोर रडलं. अगदी बारीक, मांजराच्या पिलागत, पण रडलं. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते. आन् तुजं काय, असं त्यानं विचारलं. “फुडली माजी,” ती म्हणाली, आणि तिथंच तिनं त्याला चाकावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. रत्नाला हे कधी कळता कामा नये. कळलं तर ती जन्मभर आपल्यापुढं मान खाली घालून वावरेल, आणि पोर नक्की कुणाचं हा सल तिच्या मनात राहील. पोराला एकच आई बरी. बहिरूनं शपथ घेतली आणि गाडी सोडली.

पोर जगलं. त्याचं नाव वाल्मीक ठेवलं. बारशाच्या दिवशी शेजारणी पाळण्याखालून पोर देत-घेत “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” म्हणत होत्या, तेव्हा सगुणाबाई स्वयंपाकघरात घुगऱ्या ढवळत होती. रत्नाच्या आईनं तिला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की, बाई, तुझा हात लागायला नको, दोन गेलीत, ही एक नांदू दे. चुलीचा धूर सोयीचा असतो, त्याच्या आड पुष्कळ काही डोळ्यांतून गाळता येतं.

घराला ठाऊक होतं ते इतकंच, की सगुणाबाईच्या नावाची लाखोली पुरी झाली आणि तिला मूल झालं नाही. मग रत्नाबाईच्या मनानं घेतलं की देवानंच हिला नाकारलंय, आणि देवानं नाकारलेलीची सावली पोरावर नको. वाल्मीक आजारी पडला की आधी दोष सगुणाबाईच्या नजरेचा. दृष्ट काढून टाकलेल्या मिरच्या तिच्याच देखत चुलीत पडायच्या. बहिरू आतल्या आत जळायचा, तोंड उघडायचा, आणि बायकोचे डोळे पाहून मिटायचा.

तिसरी लाखोली सुरू झाली. ह्या वेळी काय मागितलं ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं गाडी हाकलीच नसती... तिनं मागितलं होतं की मला ह्यांच्या आधी ने. भरल्या कपाळानं, हिरव्या चुड्यानिशी ने. तिची मावशी बायजा नवरा गेल्यावर बिनपोराची राहिली होती. दिराच्या घरी सणासुदीला तिचं ताट चुलीमागं वाढलेलं सगुणाबाईनं लहानपणी पाहिलं होतं, आणि त्या ताटावर बसलेली माशी तिला अजून आठवत होती. मूल नाही मिळालं, नाही तर नाही. पण ते ताट आपल्या वाट्याला नको, एवढंच एक मागणं तिनं त्या लाख मैलांवर टांगलं होतं.

ती लाखोली सरता सरेना. पौडला एस.टी.च्या गाड्या वाढल्या, उतारू आटले. डॉज आता दुधाच्या चरव्या न्यायची, नवरदेव न्यायची, कधी शेळ्यासुद्धा. पुण्याचे मेस्त्री बॉनेट उघडून पाहायचे आणि म्हणायचे, बहिरूशेठ, ही अजून चालते हेच नवल. “चालतीया तवर चालवायची,” तो म्हणायचा. आणि ह्या श्रावणात, त्याच पिरंगुटच्या घाटात, गाडीत उतारू भरलेले असताना त्याचा उजवा हात चाकावरून गळून पडला. त्यानं डाव्या हातानं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, उभी केली, आणि मग त्याचं तोंड वाकडं झालं. माणसं सगळी सुखरूप उतरली. पौडचा एक ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी गाडी घरी घेऊन आला, पण पाणी संपलंय हे त्याला कळलं नाही. दारात येता येता इंजिन जे जाम झालं ते कायमचं.

बहिरू खाटेवर पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जे काही तुटकं, बोबडं उरलं होतं ते घरात एकट्या सगुणाबाईला समजायचं. वैद्यानं मान हलवली होती. आणि मीटर चार मैल अलीकडे थांबलं होतं. ह्या माणसाच्या आधी आपल्याला जायचं असेल तर ते चार मैल सरायला हवेत, आणि मोटारच भंगारात निघाली... म्हणून ती आज तिथं बसली होती. त्या वेड्या बाईला मरण हवं होतं, आणि मरणाची गाडी चार मैल अलीकडे बंद पडली होती.

आतून खाट करकरली. रत्नाबाईचं बोलणं बहिरूनं ऐकलं असावं. त्याचा घशातला आवाज एवढा मोठा आला की सगुणाबाई चाक सोडून धावली. मागोमाग बाकीचेही आत गेले.

त्याचा चेहरा लाल झाला होता. “वा... वा... ला... ख,” तो म्हणत होता. सगुणाबाईला त्यातलं अक्षरन् अक्षर कळलं. तो शपथ मोडत होता. एवढी वर्षं पाळलेली आण तो आता ह्या अर्ध्या जिभेनं मोडायला निघाला होता!

“पानी मागत्यात,” ती म्हणाली.

रत्नाबाईनं तांब्या आणला. त्यानं डाव्या हातानं तो उडवून लावला. पाणी जमिनीवर सांडलं. सगुणाबाई पदरानं ते टिपू लागली, मान वर न करता. पण रत्नाबाई काही खुळी नव्हती. ती प्रथमच थोरल्या दिराच्या खाटेशी खाली बसली आणि त्याला विचारू लागली. पानी नगं न्हवं? त्यानं डोळ्यांनी नाही म्हटलं. मग त्यानं दारात उभ्या असलेल्या वाल्मीकला जवळ घेतलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात उचलून छपराकडे दाखवला. मूठ वळून खाटेच्या माच्यावर आपटली, नारळ आपटतात तशी. आणि मग बोट सगुणाबाईकडे रोखलं.

“घाटातला नारळ?” रत्नाबाईचा आवाज उतरला. “वाल्मीकच्या वक्ताचा?”

त्यानं डोळे मिटून उघडले.

“अक्का,” रत्नाबाई म्हणाली, “ती लाखोली तर तुमची हुती.”

सगुणाबाई जमीन पुसत राहिली. आता पुसायला काही उरलं नव्हतं.

“अक्का.”

“पोरगं निळं पडलं हुतं,” सगुणाबाई म्हणाली.

रत्नाबाई रडली नाही, की पायांवर पडली नाही. ती उठली, सरळ गोठ्यात गेली आणि तिनं बैल सोडले. नवरा मागून विचारत आला तेव्हा ती मोटारीच्या पुढच्या दांड्याला सोलाचा जाड दोर बांधत होती, आणि तिची गाठ काही बसत नव्हती.

“भंगारवाला आला तर बसू दे त्याला,” ती म्हणाली. “आधी चार मैल जायाचं हाय.”

घरात सगळं तिच्याच शब्दानं चालायचं, तसंच हेही झालं. गाठ भिवाजीनं बांधली. बहिरूला वाकळेसकट मागच्या सीटवर निजवलं. त्याचा जन्म ह्या गाडीत गेला होता, त्याला मागं ठेवणं कुणालाच सुचलं नाही. त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन वाल्मीक बसला. चाकावर भिवाजी, शेजारी मांडीवर नारळ घेऊन सगुणाबाई. आणि पुढं, डोक्यावरचा पदर कमरेला खोचून, बैलांची वेसण धरून रत्नाबाई. अशी ती वरात पौडच्या रस्त्याला लागली. जिनं ह्या रस्त्यावर लाखो मैल काढले ती मोटार आज बैलांच्या मागून, ओढून नेलेल्या गुरासारखी निघाली होती. भात कापणारी माणसं उभी राहून हसली. आंबेमोहोर भाताचा वास सगळीकडे दाटला होता. इंजिन जाम असलं तरी चाकांबरोबर मीटर फिरत होतं, आणि सगुणाबाई फक्त त्या पाच घरांकडे पाहत होती. सहाचा सात झाला... सातचा आठ... शेवटी नऊ लागला आणि पाचही घरं सारखी दिसू लागली.

ओढ्याच्या मोरीपाशी बैल पाण्याला थांबले. रत्नाबाई खिडकीशी आली. तिचा चेहरा धुळीनं आणि घामानं माखला होता.

“अक्का, काय मागितलंय ते तरी सांगा,” ती म्हणाली. “म्हंजी मलाबी देवाला सांगता यील, की दे म्हनून.”

इतक्या वर्षांत कुणी तिला असं विचारलं नव्हतं. सगुणाबाईचा बांध तिथं फुटला, आणि तिनं सांगून टाकलं. ह्यांच्या आधी जायचं. मावशीचं ताट सांगितलं. सगळं सांगितलं.

रत्नाबाईनं वेसण हातातून सोडली.

“मग मी बैल हाकायची न्हाई. अकरा वरसं तुमाला तोडून खाल्लं. आता माज्याच हातानं तुमाला वाटंला लावू?”

“रत्ना, जे आलं ते मी वाटून टाकलं,” सगुणाबाई म्हणाली. “ह्ये एक माजं ठिवलंय. ह्ये तरी घिऊ दे.”

तेवढ्यात मागून काहीतरी ओढलं गेलं. सीटवरून मागं पडलेला तिचा पदर बहिरूनं डाव्या मुठीत धरला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता, फुटला तो नुसता घोगरा आवाज... आणि तिला, एकट्या तिला, तो समजला. मला कुणाकडं टाकून जातीस, असं तो विचारत होता.

“काका पानी मागत्यात,” वाल्मीक म्हणाला, आणि त्यानं फार मायेनं, अलगद, तांब्या चुलत्याच्या ओठांना लावला.

बहिरूनं तोंड फिरवलं. पाणी त्याच्या गालावरून, मानेवरून वाकळेत उतरलं. पोरानं पुन्हा तांब्या पुढं केला.

सगुणाबाई पाहत राहिली. सकाळी तिनंच त्याच्या बोलण्याला पाणी म्हटलं होतं... आणि ती गेल्यावर दुसरं काय होणार होतं? उन्हाळ्यात अंगावरचं पांघरूण काढा म्हणाला तरी माणसं पाणी देतील. आईची आठवण निघाली तरी पाणी. रात्री भ्यायला तरी पाणी. सगळी चांगलीच माणसं, पण त्यांच्यातलं एकही त्याला ऐकू शकणार नव्हतं, आणि तो दिवसचे दिवस ओल्या मानेनं असाच पडून राहणार होता. तिच्या भरल्या कपाळाची किंमत ही होती. हे तिला आजवर दिसलंच कसं नव्हतं!

“हाक, रत्ना,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“तुला वाल्मीकची आण हाय. हाक.”

वाल्मीकच्या नावापुढं रत्नाबाईचं काही चाललं नाही. तिनं वेसण उचलली आणि आसवं गाळत बैल ओढले. तो शेवटचा मैल फार सावकाश सरला. पौडच्या अलीकडे रस्ता नदीच्या अंगाला वळतो तिथं शेवटचा नऊ हलला, आणि त्याच्याबरोबर बाकीचे चारही हलले. सगुणाबाईनं दोन्ही हातांनी नारळ कपाळाला लावला. पुरी होईस्तोवर लाखोली आपली, असं म्हातारी म्हणायची.

“भैरवनाथा, माजं मागनं बदललं,” ती मोठ्यानं म्हणाली. “ह्यांना आदी ने. माज्या मांडीवर, माज्या डोळ्यांदेखत ने. मागनं माजं काय बी होऊ दे.”

कुठली बाई देवाजवळ स्वतःचं वैधव्य मागते? कुठल्या पोथीत आहे हे? भिवाजीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. काचेमागं पाच शून्यं लागली होती. पुढं बैलांपाशी रत्नाबाई थिजून उभी होती. मग ती आली, सगुणाबाईच्या मांडीवरचा नारळ तिनं घेतला आणि मैलाच्या दगडावर आपटला. फुटलेलं खोबरं तिथंच टाकून तिनं मोटारीचं दार उघडलं, आणि थोरल्या जावेच्या मांडीत तोंड खुपसून ती एवढी रडली, की रस्त्यानं जाणाऱ्या माणसांना वाटलं, गाडीतला माणूस गेला.

तो गेला नव्हता. मागच्या सीटवर तो डोळे मिटून पडला होता आणि पदर अजून त्याच्या मुठीत होता.

मोटार भंगारवाल्यानं चार दिवसांनी नेली. भिवाजी आता द्यायला तयार नव्हता. पण सगुणाबाईच म्हणाली की पुरी झाली, आता ती आपली न्हाई, नेऊ द्या. ट्रक वळणाआड गेला तेव्हा ती खाटेशी बहिरूचे पाय चेपत होती; तिनं उठून पाहिलं नाही. त्यानंतर रत्नाबाई रोज खाटेशी बसायची, आणि त्याचा एकेक आवाज जावेला विचारून शिकून घ्यायची. पांघरूण म्हणजे कसा, ऊन म्हणजे कसा. काही तिला जमले, पुष्कळ जमले नाहीत.

मार्गशीर्षात, खळ्यावर भात झोडपणं चाललं असताना, दुपारी बहिरूचा श्वास लागला. सगुणाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिच्याकडे पाहून बोलू लागला. त्याच्या मानानं ते बरंच लांब बोलणं होतं. ती कान त्याच्या तोंडाशी नेऊन ऐकत होती आणि हूं हूं म्हणत होती. मग ते थांबलं. देवानं तिचं मागणं अक्षरशः ऐकलं होतं.

बायका जमल्या. रीतीप्रमाणे भावकीतली एक म्हातारी सगुणाबाईचं कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला पुढं झाली, तेव्हा रत्नाबाईनं मध्ये येऊन तिचा हात धरला.

“हात लावू नगा,” ती म्हणाली. “त्यांनी ते पौडच्या वाटंवर कवाच दिऊन टाकलंय.”

म्हातारी पुटपुटत मागं सरली. भिवाजी भावाच्या पायांशी बसला होता. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

“वैनी,” तो म्हणाला, “जाताना काय म्हनला दादा?”

सगुणाबाईनं मांडीवरच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

“पानी मागितलं,” ती म्हणाली.

भिवाजीनं मान हलवली. रत्नाबाईनं जावेकडे पाहिलं आणि वाल्मीकचा हात धरून त्याला तिच्या शेजारी आणून बसवलं.